शेतरक्षणाची बंदूक : हक्क की जबाबदारी?

पेरणीपासून रास घरी येईपर्यंत पिकास किती शत्रू असतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाऊस दगा देतो, कीड पडते, बाजारभाव कोसळतो. परंतु हाताशी आलेले पीक रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत लोळवून टाकावे, याचे दुःख काही निराळेच असते. पावसाशी भांडता येत नाही. जनावराशी भांडता येईल असे वाटते. म्हणूनच ज्याचे असे नुकसान झाले, त्याच्या तोंडी पहिला शब्द बंदुकीचा येतो. शेतकऱ्यास बंदूक बाळगण्याची मोकळीक असावी, अशी मागणी किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यापासून लातूरच्या काळ्या रानापर्यंत सर्वत्र ऐकू येते. उलट पक्षी पुष्कळ विचारी लोकांचे म्हणणे असे, की बंदुका वाढल्या म्हणजे बांधावरची भांडणे काठीवर न थांबता गोळीवर जातील. सबब आहेत तेही परवाने कमी करावेत.

या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. बंदुकीच्या परवान्यांचे अर्ज, त्यांवरील अहवाल व शेरे हे कागद बरीच वर्षे आमच्या हातांखालून गेले. त्या अनुभवावरून व कायद्याच्या आधाराने हा विचार येथे मांडीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की शेतरक्षणाची बंदूक घरचा हक्क म्हणून मागू नये आणि केवळ धोका म्हणून नाकारूही नये. ती साऱ्या शिवाराच्या वतीने पत्करलेली जबाबदारी आहे असे समजून मागावी, व तसे समजूनच द्यावी.

उपद्रव का वाढला?

पूर्वीही डुकरे होती, रोही होते, हरणांचे कळप होते. ज्वारीच्या हंगामात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आणि रात्रीची जागल यांवर बहुतेक काम भागत असे. आज ते भागत नाही, याची कारणे शेतीतच आहेत. गोदावरी व मांजरा यांच्या काठी आणि कालव्यांच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले. ऊस जवळजवळ वर्षभर उभा असतो, व त्यात डुकरांचा कळप दिवसभर कोणाच्या दृष्टीस न पडता राहू शकतो. ओढ्यांच्या काठी व पडीक गायरानांत वेड्या बाभळीची दाटी झाली; तोही त्यांस निवाराच झाला. लांडग्यासारखी त्यांची पिले खाणारी जनावरे विरळ झाली. भुईमूग, मका, नुकतेच पेरलेले सोयाबीन हे सर्व डुकरांच्या आवडीचे. जमीन उकरून ती बी खाऊन जातात आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. इकडे घरांच्या वाटण्या झाल्या, तरुण मुले शहरांत गेली, आणि रात्री जागावयास माणूस उरला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रानडुकराची मादी सुमारे चार महिन्यांत विते व एका वेतास चार ते सहा पिले होतात. तेव्हा एकट्या शेतकऱ्याने वर्षातून एखादे जनावर मारल्याने कळपाची संख्या घटत नाही. तो कळप फार तर आपले रान सोडून शेजाऱ्याच्या रानात जातो. म्हणजे उपद्रव एका बांधाचा नसून शिवाराचा आहे, आणि त्यावरचा उपायही शिवाराचाच असला पाहिजे.

तारेतील प्रवाह

बंदूक नाही, राखणदार नाही, अशा स्थितीत कित्येक शेतकरी जो मार्ग धरतात, तो बंदुकीहून अधिक घातक आहे. शेताभोवती उघडी तार ओढावयाची, आणि रात्री पंपाच्या पेटीतून अथवा खांबावरून आकडा टाकून तीत वीज सोडावयाची. हा प्रकार आमच्या वाचकांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला असेल.

आमच्या नोकरीच्या काळात आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. गाव व माणसे यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोघे भाऊबंद, एकाच बांधाचे शेजारी. एकाने भुईमुगाभोवती तार लावली होती. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत होती. दुसऱ्याचा धाकटा भाऊ पंप चालू करण्यास मध्यरात्रीनंतर निघाला, वाट जवळची म्हणून बांधावरून गेला, आणि तारेला लागून जागीच मेला. चौकशीच्या वेळी आम्ही साहेबांबरोबर तेथे गेलो होतो. तार लावणारा मनुष्य दुष्ट नव्हता. मेलेल्या मुलास त्याने अंगाखांद्यावर खेळविले होते. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. एका घरातला मुलगा गेला, दुसऱ्या घरातला कर्ता पुरुष तुरुंगात गेला, आणि पुढच्या मृगात दोन्ही शेते पडीक राहिली.

बंदूक चालविणारा निदान समोर काही पाहून चाप ओढतो. तार मात्र डुक्कर, गाय, पोर यांत भेद करीत नाही. घरगुती विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट व शेतीपंपाचा तीन फेजांचा त्याहूनही अधिक असतो. हा प्रवाह अखंड वाहतो, त्याने स्नायू आखडतात व धरलेली तार सुटत नाही. सौरकुंपणाचे यंत्र याहून निराळे आहे. त्यातून सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता झटका बसतो, मग अवकाश मिळतो, मग पुन्हा झटका. जनावर बिचकून मागे सरते, पण मरत नाही. हा फरक ज्यास कळला, त्याने थेट विजेची तार आपल्या बांधावर एक रात्रही ठेवू नये. बंदुकीच्या परवान्याचा विचार करताना तो न मिळाल्यास लोक काय करतात, हेही सरकारने पाहिले पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

कायदा काय देतो

आज देशभर लागू असलेला शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. परंतु याच अधिनियमात शेतकऱ्याच्या उपयोगाची काही कलमे आहेत, ती फारच थोड्या लोकांस ठाऊक असतात.

कलम १३ मध्ये पीकरक्षणाचे कारण नाव घेऊन सांगितले आहे. खरोखरीच्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना भारतीय नागरिकास द्यावा असे त्यात म्हटले आहे. आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास त्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. पोलीस ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत न आल्यास त्याची अधिक वाट न पाहता निर्णय करण्याची मुभा त्याच कलमात आहे. कलम १४ प्रमाणे अर्जदाराची मालमत्ता थोडी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दहा एकरांचा मालक व शंभर एकरांचा मालक यांत येथे भेद नाही. नाकारावयाचे तर कारणे लेखी नमूद करावी लागतात, आणि सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर अर्जदाराने मागितल्यावर ती थोडक्यात कळवावी लागतात. कलम १८ प्रमाणे वर अपीलही करता येते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पुरे असले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि एका मनुष्यास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले.

कायदा असा असता लोकांचा अनुभव कडू का? कारण कागद फिरतो, निर्णय होत नाही. जंगलाच्या कडेला जमीन असलेल्या एका शेतकऱ्याचा अर्ज आम्हांस आठवतो. सातबारा होता, नुकसानीचे पंचनामे होते, अंगावर एकही गुन्हा नव्हता. तो कागद एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अभिप्रायास गेला व प्रत्येक ठिकाणी काही त्रुटी काढून परत आला. दोन सुग्या गेल्या. तिसऱ्या वर्षी त्या गृहस्थाने भुईमूग पेरणेच सोडले. परवाना नाकारला असता तर त्यास अपील तरी करता आले असते. अनिर्णयावर अपील नाही.

एक बंदूक, दोन कागद

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची परवानगी मिळाली, असे पुष्कळ लोक धरून चालतात. ते खरे नव्हे. बंदूक बाळगण्याचा कागद जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. जनावर मारण्याचा कागद वनखात्याचा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने रानडुक्कर, रोही, काळवीट या सर्वांस संरक्षण दिले आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि काळवीट पहिल्या, म्हणजे अधिक कडक अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे जनावर माणसाच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतील जनावरास पिकाच्या नुकसानीची ही सवलत लागू नाही. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे गुन्हा आहे. अंगावर धावून आलेल्या जनावरास स्वसंरक्षणार्थ मारणे यास कायद्याने मोकळीक आहे; पिकात शिरलेल्यास मारणे हे स्वसंरक्षण होत नाही.

तेव्हा नुसत्या परवान्यावर शेतकऱ्यास काय करता येते? हवेत बार काढून कळप हुसकावणे, एवढेच. आणि ठासणीच्या बंदुकीचे खरे काम तेच आहे. नळीत दारू, वर बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासणे, मग टोपी बसविणे. इतके करून एक बार निघतो, आणि दुसरा भरेपर्यंत डुक्कर दोन शेते ओलांडून जाते. पावसाळ्यात दारू ओलावते. बारीक छर्ऱ्यांनी मोठे डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुकराएवढे भयंकर जनावर आपल्या रानात दुसरे नाही. शिवाय ज्वारी डोक्याहून उंच वाढलेली असता ताटांत खसपसले म्हणून बार टाकणे म्हणजे आपल्याच माणसाच्या जिवाशी खेळणे होय. हुरड्याच्या दिवसांत रात्री रानात कोण कोठे झोपलेले असेल, याचा नेम नसतो.

शस्त्राचा प्रश्न आणि आपला इतिहास

बंदुकीवर इतका निर्बंध असावा काय, हा प्रश्न आजचा नाही. ब्रिटिश अमलात लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. त्यात हिंदी प्रजेस परवान्याची अट होती, व युरोपियनांस सूट होती. या भेदाची चीड देशभर होती. महात्मा गांधींनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीचे आवाहन करताना साऱ्या राष्ट्रास निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्याच्या सुधारलेल्या मसुद्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि येथे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. लातुरास वकिली केलेल्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांच्या हाती शस्त्रे होती, रयतेच्या हाती नव्हती. गावेच्या गावे सरहद्दीपलीकडे आश्रयास गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन ते राज्य संपले. परंतु त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ पोहोचल्याचे नमूद केले, त्यांत नांदेड होता, आणि लातूर ज्यात तेव्हा मोडत असे तो उस्मानाबादही होता. आधी एकांच्या हाती शस्त्र होते, मग दुसऱ्यांच्या हाती आले. दोन्ही वेळा कायदा बाजूस राहिला, आणि दोन्ही वेळा मेला तो बहुतांशी गावातला साधा मनुष्य. ज्या वडीलधाऱ्यांनी ते वर्ष पाहिले, त्यांपैकी कित्येकांचे म्हणणे आम्ही लहानपणी ऐकले आहे. रयत निःशस्त्र नसावी असेही ते म्हणत, आणि शस्त्र कोणाच्या हाती आहे याचा हिशेब ठेवणारे कोणी तरी असावे असेही म्हणत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीस घटना समितीत हाच विषय निघाला. श्री. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर देताना सांगितले, की परक्या सरकारने आपल्याविरुद्ध प्रजा उठू नये म्हणून शस्त्रे काढून घेतली होती. ती परिस्थिती आता राहिली नाही. सरसकट हक्क दिल्यास तो नको त्या माणसांनाही मिळेल. स्वतंत्र देशात व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा तिच्या शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सूचना नामंजूर झाली.

राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत आज शस्त्राचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. कलम १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. आणि कलम २५ च्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांनी कृपाण धारण करणे हे धर्माचरणात समाविष्ट मानले आहे. जेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान झाले, त्या नांदेडच्या लोकांस कृपाण नवी नाही. ती धारण करणारा तिला व्रताचे चिन्ह मानतो, व्रताची शिस्त पाळतो, आणि म्हणूनच गाव तिला भीत नाही. बंदुकीस असे स्थान घटनेने दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की कायद्याने अधिकार दिल्यावाचून या देशात कोणासही शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही.

भिंतीवरची बंदूक

कित्येक अर्जांत शेतरक्षण हे निमित्त असते आणि मनात असते ती प्रतिष्ठा, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. जुन्या वाड्यांत भिंतीवर बंदूक टांगलेली असे. आज तीच हौस कमरेच्या पिस्तुलावर आली आहे. पिस्तुलाने पीक राखले जात नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर तेथील शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे पुढे आले, फेरतपासणी झाली, व अनेक परवाने रद्द करण्यात आले. परवाने देताना जी चाळणी लावावयाची, ती मागाहून लावावी लागली. अशा प्रकारांचा फटका शेवटी खऱ्या गरजवंतास बसतो. कारण त्यानंतर प्रत्येक अर्जाकडे अधिकारी संशयाने पाहू लागतात.

लग्नाच्या वरातीत व मिरवणुकीत बार काढण्याची खोडही अशीच. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदासाठी केलेल्या अशा निष्काळजी गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

दुसरी गोष्ट सांगावयास जड जाते. आपल्या मराठवाड्यात नापिकी व कर्ज यांनी किती शेतकऱ्यांनी स्वतःचा अंत करून घेतला, हे सर्वांस ठाऊक आहे. अशा वर्षी घरात भरलेली बंदूक असणे हा डुकराहून मोठा धोका होय. घरच्या माणसांनी हे ओळखावे, आणि कर्त्या मनुष्याचे मन ठिकाणावर नसेल तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून ठेवण्यास संकोचू नये. त्यात अब्रू जात नाही.

इतरत्र काय केले

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरविला. आज त्या देशात माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत, आणि शाळांत गोळीबार झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका मनुष्याने ३५ जणांस ठार मारल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तथापि तेथील शेतकऱ्याची बंदूक गेली नाही. शेतीचे रक्षण हे परवान्यासाठी खरे कारण म्हणून तेथे मानले जाते. बंदुकांचे नियमन आणि शेतकऱ्याची गरज एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसते.

आपल्याच देशात कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव लोकांस व जम्मा जमिनीच्या धारकांस परवान्यातून जुनी सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली, व कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. ती सूट एका विशिष्ट परंपरेस धरून आहे. ती सर्वत्र लागू करा म्हणणे योग्य होणार नाही. आम्हांस अधिक उपयोगी वाटते ते केरळचे उदाहरण. तेथे २०२२ मध्ये सरकारने ग्रामपंचायत व नगरपालिका यांच्या प्रमुखांस उपद्रवी रानडुकरे मारण्याचा हुकूम देण्याचे अधिकार दिले, आणि ते काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडून करून घेण्याची व्यवस्था केली. म्हणजे प्रत्येक घरात बंदूक नाही, पण प्रत्येक पंचायतीच्या हाताशी ती चालविणारा जबाबदार मनुष्य आहे.

आमच्या सूचना

या सर्वांवरून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली, पीकरक्षणाच्या अर्जाचा निकाल मुदतीत व्हावा. मंजूर असेल तर मंजूर, नामंजूर असेल तर कारणे लिहून नामंजूर. अर्जदारानेही अर्ज पुरा द्यावा. सातबारा, शिवाराचा नकाशा, मागील हंगामांतील नुकसानीचे पंचनामे व वनखात्याकडे केलेल्या भरपाईच्या अर्जांच्या पोचा जोडाव्यात. ज्याने नुकसानीची नोंदच कधी केली नाही, त्याच्या गरजेवर कोणी विश्वास ठेवावा? नुकसान झाल्यावर विलंब न लावता वनखात्यास कळवावे. त्यात भरपाईही मिळते व पुरावाही राहतो.

दुसरी, परवाना व्यक्तीच्या नावे असतो हे खरे. परंतु ती व्यक्ती गावाने सुचवावी. ग्रामसभेने दोन-तीन माणसे निवडावीत. ज्यांच्यावर फौजदारी गुन्हा नाही, ज्यांस दारूचे व्यसन नाही, ज्यांचा कोणाशी बांधाचा वाद चालू नाही, अशीच ती असावीत. त्यांनी शिक्षण घ्यावे. वनखात्याची लेखी परवानगी आल्यावर वनरक्षकाच्या समक्ष, शिवारात दवंडी देऊन, त्यांनीच हे काम करावे. किती बार काढले, कोठे काढले, याची वही ठेवावी व ती ग्रामसभेत वाचावी. शिवाराच्या बंदुकीचा हिशेब शिवाराने पाहिला म्हणजे ती कोणाच्या वैरासाठी वापरली जाण्याची भीती पुष्कळ कमी होते.

तिसरी, बंदूक घरात रिकामी व कुलपात असावी. दारू व टोप्या निराळ्या जागी, आणि किल्ली एकाच्याच हाती. परवानाधारक वारल्यावर ती आपोआप मुलाची होत नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते तशी बंदुकीची होत नसते. ती विलंब न लावता ठाण्यात जमा करून वारसाने नवा परवाना मागावयाचा असतो. त्यासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. हे न केल्याने बापाची बंदूक घरात सापडली म्हणून मुलावर खटला भरला जाऊ शकतो.

चौथी, निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे हुकूम निघतात. त्या वेळी छाननी समिती प्रत्येकाचा विचार करते. ज्याची बंदूक खरोखर पीकरक्षणाची आहे व हंगाम उभा आहे, त्याने समितीपुढे लेखी म्हणणे द्यावे. गाव सोबत असेल तर त्या म्हणण्यास वजन येईल.

पाचवी, आणि सर्वांत निकडीची, थेट विजेची तार गावाने ठराव करून बंद करावी. तिच्याऐवजी चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून सौरकुंपण करावे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली त्यास अनुदान दिले गेले आहे. आपले गाव त्यात बसते की नाही याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. एकट्याचे कुंपण डुकरांस शेजाऱ्याकडे ढकलते, सर्वांचे मिळून केलेले कुंपण त्यांस शिवाराबाहेर ठेवते. त्याबरोबर ओढ्याकाठची वेडी बाभूळ श्रमदानाने काढावी. निवारा गेला म्हणजे कळपही पांगतो.

यांतील पहिली सूचना सरकारकडे जाते. बाकीच्या चार आपल्याच हातच्या आहेत. ज्या गावी डुकरांचा उपद्रव आहे, तेथील सभासदांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, आणि सभेपूर्वी आपापल्या बांधांवर कोठे प्रवाहाची तार लावलेली असल्यास ती त्याच दिवशी काढावी. अर्जाचे कागद कसे जुळवावेत याविषयी कोणास विचारावयाचे असल्यास त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. तेवढी कारकुनी करावयास आम्ही अजून तयार आहोत.